खानदेशचे राजा अली खान फारुकी आणि बदगुमानीची एक रात्र

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर रावेर मागे पडल्यावर थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर लागते. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे; पण जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील मुस्लिम घराण्यांच्या इतिहासाचे धागे या गावाशी घट्ट विणलेले आहेत. लग्नाच्या खरेदीसाठी किंवा नातलगांच्या भेटीसाठी आपल्यापैकी अनेक जण तेथे जातात आणि जामा मशिदीत नमाज अदा करून परततात. त्या मशिदीच्या भिंतीवर अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. ही मशीद ज्यांनी बांधली, ते राजा अली खान फारुकी. त्यांच्या जीवनाचा आणि विशेषतः त्यांच्या मृत्यूनंतरच्या एका रात्रीचा वृत्तान्त आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्या रात्री एका माणसावर आरोप ठेवला गेला, निकाल दिला गेला आणि शिक्षाही अमलात आणली गेली. उत्तर देण्यासाठी तो माणूस मात्र जिवंत नव्हता.

राजा अली खान यांना समजून घ्यायचे तर आधी त्यांचे राज्य समजून घेतले पाहिजे. सन १३७० मध्ये दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने मलिक राजा नावाच्या सरदाराला तापीकाठचे थाळनेर जहागीर म्हणून दिले. हे थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातले गाव. फारुकी सुलतानांच्या कबरी तेथे आजही उभ्या आहेत. मलिक राजाचे घराणे आपली वंशावळ दुसरे खलिफा हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून ते फारुकी म्हणवले गेले. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला हेही या घराण्याचे सुरुवातीचे ठाणे होते. मलिक राजाचा पुत्र नसीर खान याने असीरगड मिळवला आणि तापीच्या काठी नवे नगर वसवले. खुलताबादचे सूफी हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांच्या नावावरून त्याचे नाव बुऱ्हाणपूर ठेवण्यात आले. खानांचा देश तो खानदेश, हे नावही याच घराण्यामुळे रूढ झाले, असे सांगितले जाते.

हे राज्य लहान होते आणि त्याची जागा अवघड होती. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला माळवा, पूर्वेला वऱ्हाड आणि दक्षिणेला अहमदनगर. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनकडे उतरणारी वाट असीरगडाच्या पायथ्याशी येऊन मिळे. त्यामुळे दख्खनवर डोळा ठेवणाऱ्या प्रत्येक सत्तेला खानदेश ओलांडावा लागे. सीमेवरच्या राजाला स्वस्थ झोप नसते. एका शेजाऱ्याशी स्नेह वाढला की दुसऱ्याच्या मनात संशय जागा होतो. दोनशे वर्षे फारुकींनी हीच कसरत केली. कधी गुजरातचे वर्चस्व मान्य केले, कधी माळव्याशी सोयरीक जोडली, तर कधी वऱ्हाडशी हातमिळवणी केली.

सन १५६२ मध्ये अकबराचा सरदार पीर मुहम्मद खान खानदेशात घुसला आणि त्याने लूट व कत्तल यांचा कहर केला. त्या वेळी मीरान मुबारक शाह गादीवर होता. त्याने माळव्याचा पदच्युत सुलतान बाज बहादुर आणि वऱ्हाडचा तुफाल खान यांच्याशी हातमिळवणी करून आक्रमकाला पिटाळले. माघार घेताना पीर मुहम्मद नर्मदेत बुडून मेला. तरीही मोगलांची ताकद किती मोठी आहे, हे मुबारक शाहाने ओळखले होते. दोनच वर्षांनी अकबर मांडूस आला, तेव्हा त्याने आपली कन्या अकबराला देऊन सलोखा केला. राजा अली खान हे याच मुबारक शाहाचे पुत्र.

सन १५७६ मध्ये त्यांचे बंधू मुहम्मद शाह यांचे निधन झाले, तेव्हा राजा अली खान अकबराच्या दरबारी होते. गादीवर अल्पवयीन पुतण्या हसन बसवला गेला होता. राजा अली खान परतले आणि पुतण्याला बाजूला सारून स्वतः सत्ताधीश झाले. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. गादीला धोका नको म्हणून राजघराण्यातील पुरुषांना असीरगडावर नजरकैदेत ठेवण्याची फारुकींची जुनी रीतही त्यांच्या काळात मोडली गेली नाही. इस्लामी इतिहासातील माणसांचे चरित्र लिहिताना त्यांना फरिश्ते करून दाखवणे ही प्रामाणिकता नव्हे. ते राज्यकर्ते होते आणि राज्यकर्त्यांचे दोष त्यांच्यातही होते. मात्र त्याच काळातले इतिहासकार त्यांना शहाणा, न्यायी आणि शूर शासक म्हणून ओळखतात, हेही तितकेच खरे.

गादीवर आल्यावर त्यांनी एक सूचक निर्णय घेतला. मोगल बादशहाशी बरोबरीचा दावा दिसू नये म्हणून त्यांनी शाह ही पदवी व्यवहारात मिरवली नाही. शिलालेखात ते आदिल शाह आहेत. जगाच्या तोंडी मात्र राजा अली खानच राहिले. नाव लहान केल्याने राज्य वाचत असेल तर तो सौदा त्यांना मान्य होता. तरी त्यांची नम्रता म्हणजे शरणागती नव्हे. सन १५८६ मध्ये अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका दख्खनवर चालून आला, तेव्हा राजा अली खान अहमदनगरच्या फौजेला मिळाले. अजीज कोकाने वऱ्हाडात एलिचपूर लुटले. पण त्याला तेथे पाय रोवता आले नाहीत आणि तो नंदुरबारमार्गे गुजरातेत निघून गेला. मोगलांनी हे लक्षात ठेवले असणारच.

पुढे अहमदनगरात गादीचा कलह माजला. निजामशाही घराण्यातील बुऱ्हान अकबराच्या आश्रयाला होता आणि त्याचाच अल्पवयीन मुलगा इस्माईल याला गादीवर बसवून सरदार जमाल खान कारभार पाहत होता. राजा अली खान यांनी बुऱ्हानची बाजू घेतली. सन १५९१ मध्ये रोहिणखेड येथे लढाई झाली. हे गाव आज बुलढाणा जिल्ह्यात, जळगावच्या सीमेपासून फार दूर नाही. लढाईत जमाल खान मारला गेला आणि बुऱ्हान निजामशाह गादीवर आला. मोगल फौज दख्खनमध्ये न आणता हा बदल घडवून आणण्यात राजा अली खान यांचे चातुर्य दिसले. त्याच वर्षी अकबराने कवी फैजी याला वकील म्हणून बुऱ्हाणपूरला पाठवले. राजा अली खान यांनी त्याचे मोठ्या सन्मानाने स्वागत केले. एकीकडे दख्खनच्या सुलतानांशी जुना स्नेह, दुसरीकडे आग्र्याच्या बादशहाशी निष्ठेची ग्वाही, असा हा तोल होता.

या धामधुमीतच त्यांनी बुऱ्हाणपूरची जामा मशीद उभारली. पंधरा कमानींची ही भव्य वास्तू हिजरी ९९७ च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्यातील संस्कृत लेखात शके १५११ हे वर्ष आहे. त्या लेखाच्या आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन आहे. तो अव्यक्त, सर्वव्यापी आणि शाश्वत आहे, असे त्याचे वर्णन आहे. त्यानंतर फारुकी घराण्याची वंशावळ येते. तौहीदचा अर्थ प्रजेच्या भाषेत सांगता येतो आणि तो मशिदीच्या भिंतीवर कोरताही येतो, हे ज्या शासकाला सुचले, त्याच्या मनाची रुंदी आपण ओळखली पाहिजे. मराठीतून दीन समजून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती भिंत आपलीच वाटावी.

आता त्या लढाईकडे येऊ. सन १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांच्या नेतृत्वाखाली मोगल फौजेने अहमदनगरला वेढा घातला. आता तटस्थ राहणे शक्य नव्हते. राजा अली खान आपल्या सैन्यासह मोगलांना सामील झाले. आत चांदबीबी किल्ला लढवत होती. सन १५९६ च्या आरंभी तह झाला आणि वऱ्हाड मोगलांकडे गेला. पण वऱ्हाडची हद्द कोठे संपते यावरून तंटा पेटला आणि विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर यांच्या फौजा विजापूरचा सेनापती सुहैल खान याच्या हाताखाली एकवटल्या.

मोगल छावणीतही सारे आलबेल नव्हते. शाहजादा मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते. त्यातून मुराद मागेच राहिला आणि मिर्झा शाहरुख व खानखानान फौज घेऊन गोदावरीकडे निघाले. राजा अली खान त्यांच्याबरोबर होते. त्यांच्याविषयी छावणीत काय कुजबुज चालत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. हा दख्खनचाच माणूस, याचे सोयरे तिकडे, याने पूर्वी आमच्याविरुद्ध शस्त्र धरले, आज आमच्याबरोबर किती मनापासून असेल, हे प्रश्न हवेत होतेच. माणसाचा भूतकाळ असा त्याच्या पाठीशी चालत असतो आणि संकटाच्या घटकेला लोक त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे सोडून त्या भूतकाळाकडे पाहतात.

फेब्रुवारी १५९७ मध्ये, आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी-सोनपेठच्या टापूत, आष्टीजवळ दोन्ही सैन्ये भिडली. दख्खनी फौज मोगलांच्या कितीतरी पट मोठी होती आणि तिच्याजवळ जबर तोफखाना होता. वाचकहो, येथे क्षणभर थांबून हेही ध्यानात घ्या की दोन्ही बाजूंना कलमा पढणारे लोक होते. सुहैल खान मुसलमान, खानखानान मुसलमान, राजा अली खानही मुसलमान. हे जिहादचे मैदान नव्हते. ही मुलुखासाठीची लढाई होती. दोन मुस्लिम गट लढू लागले तर त्यांच्यात समेट घडवा, असा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे. त्या काळच्या दरबारांत तो आदेश अमलात आणणारे फार थोडे उरले होते. म्हणून या लढाईचा अभिमान मिरवण्याचे कारण नाही. तिच्यातून शिकण्यासारखे मात्र बरेच आहे.

विजापूरच्या फौजेचा मोठा लोंढा राजा अली खान यांच्या तुकडीवर येऊन आदळला. खानदेशचे लोक मागे हटले नाहीत. राजा अली खान तेथेच लढत कोसळले. त्यांच्याबरोबर त्यांचे ३५ नामवंत सरदार आणि सुमारे ५०० सेवक धारातीर्थी पडले. तापीकाठच्या किती घरांत त्या दिवशी काळोख झाला असेल, याचा विचार मन हेलावून टाकतो.

पण हे त्या क्षणी कोणाला कळलेच नाही. संध्याकाळ झाली होती, धुळीने आणि दारूच्या धुराने मैदान भरले होते. एका अंगाला मोगल विजयी झाले होते, दुसऱ्या अंगाला दख्खनी. दोन्ही सैन्यांना आपणच जिंकलो असे वाटत होते आणि दोघेही अंधारात घोड्यांवर बसूनच उजाडण्याची वाट पाहत होते. मोगल फौजेने पाहिले की खानदेशचे निशाण दिसत नाही, राजा अली खान दिसत नाहीत. विचारणार कोणाला? उत्तर देणारे ३५ सरदार त्यांच्या धन्याबरोबरच निजले होते. मग जुना संशय जिभेवर आला. कोणी म्हणाले ते शत्रूला मिळाले, कोणी म्हणाले ते पळाले. तेवढे पुरेसे झाले. ज्यांच्यासाठी तो माणूस लढता लढता मेला होता, त्यांच्याच लोकांनी त्याचा तळ लुटला.

सकाळी पुन्हा युद्ध झाले. खानखानानच्या थोड्या फौजेने सुहैल खानाच्या मोठ्या सैन्याचा पराभव केला; हत्ती आणि तोफा हाती आल्या. हे अब्दुर्रहीम खानखानान म्हणजे ज्यांचे दोहे आपण शाळेच्या हिंदी पुस्तकात वाचतो, तेच रहीम. त्यानंतर रणभूमीवर प्रेतांचा शोध सुरू झाला आणि जेथे घनघोर लढाई झाली होती तेथे, आपल्या माणसांच्या मधोमध, राजा अली खान यांचा देह सापडला. रात्री ज्यांच्या जिभा चालल्या होत्या, त्यांच्या माना खाली गेल्या. अकबराच्या दरबारी इतिहासकारानेही या लज्जेची नोंद करून ठेवली आहे. त्यांचा देह बुऱ्हाणपूरला आणून दफन करण्यात आला.

लज्जेने लुटलेले सामान परत करता येते. उडालेला विश्वास परत आणता येत नाही. राजा अली खान यांच्यानंतर त्यांचा पुत्र बहादुर शाह गादीवर आला. वडिलांनी ज्यांच्यासाठी प्राण दिले त्यांनीच वडिलांचा तळ लुटला, हे त्याला ठाऊक होते. सन १६०० मध्ये शाहजादा दानियाल बुऱ्हाणपुरावरून जात असता बहादुर असीरगडावरून खाली उतरून भेटीला आला नाही. त्याच्या या वागण्याला इतरही कारणे होती. त्याच्याजवळ पित्याचे शहाणपण नव्हते, गडाच्या तटबंदीवर त्याचा नको तितका भरवसा होता. तरी ज्या मुलाच्या मनात ती रात्र होती, त्याने मोगलांच्या शब्दावर सहज विश्वास कसा ठेवावा? अखेर अकबर स्वतः आला. अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला. बहादुरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले आणि थाळनेरपासून सुरू झालेले दोन शतकांहून अधिक काळचे राज्य संपले. दानियालच्या नावावरून खानदेशाचे नाव काही काळ दानदेश झाले. राजा अली खान यांच्या त्याच जामा मशिदीत अकबराच्या विजयाचा लेखही कोरला गेला. एकाच मशिदीच्या भिंतींवर बांधणाऱ्याचे नाव आहे आणि त्याचे राज्य घेणाऱ्याचेही.

प्रिय वाचकहो, बदगुमानी म्हणजे दुसऱ्याविषयी पुराव्याविना वाईट समजूत करून घेणे. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने ईमानवाल्यांना फार संशय घेण्यापासून रोखले आहे आणि काही संशय हे गुनाह असल्याचे बजावले आहे. त्याच सूरहमध्ये, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, अन्यथा अजाणता एखाद्या समूहाची हानी कराल आणि मागाहून पस्तावाल, असा इशारा आहे. गोदावरीकाठची ती सकाळ या इशाऱ्याचेच जिवंत चित्र आहे. अजाणता हानी झाली आणि मागाहून पस्तावाही झाला.

याच्या उलट एक प्रसंग नबी करीम (स.) यांच्या जीवनात आहे. मक्का विजयाची तयारी गुप्तपणे चालू असताना हजरत हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांनी मक्केच्या कुरैशांना पत्र लिहून ती बातमी कळवण्याचा प्रयत्न केला. पत्र वाटेतच पकडले गेले. येथे केवळ संशय नव्हता, हातात पुरावा होता. तरीही नबी करीम (स.) यांनी हातिब यांना समोर बोलावले आणि असे का केले हे विचारले. आपले कुटुंब मक्केत आहे, तेथे त्यांचे रक्षण करणारे नातलग नाहीत, म्हणून कुरैशांवर एक उपकार करून ठेवावा असे वाटले, ईमानात मात्र फरक पडलेला नाही, असे हातिब यांनी सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना देहदंड देण्याची परवानगी मागितली. ती दिली गेली नाही. हातिब यांचे म्हणणे खरे मानले गेले आणि ते बद्रच्या लढाईत सहभागी होते, याची आठवण करून दिली गेली. म्हणजे पुरावा असतानाही ऐकून घेतले आणि एका चुकीपुढे माणसाची जुनी निष्ठा विसरली नाही. आष्टीच्या मैदानात पुरावा नव्हता, ऐकून घेणे नव्हते आणि निष्ठेची आठवणही नव्हती. ज्या हजरत उमर (रजि.) यांनी त्या दिवशी नबींच्या निर्णयापुढे मान तुकवली, त्यांच्याच वंशाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, हा इतिहासाचा कठोर योगायोग आहे.

आपल्याला फौजा चालवायच्या नाहीत. पण तळ लुटण्याचे प्रसंग आपल्या जीवनातही येतात. मशीद कमिटीच्या बैठकीला एखादा सदस्य आला नाही आणि हिशेबात फरक निघाला, की त्याच्या गैरहजेरीलाच पुरावा मानले जाते. परगावी गेलेल्या भावाचा फोन लागत नाही आणि घरात वारसाहक्काची चर्चा निघते, तेव्हा त्याची नियत काय असेल याचा निकाल त्याच्या पाठीमागे लागतो. मोबाइलवर कोणाचे तरी नाव घेऊन आलेला मजकूर वाचला जातो आणि पुढच्या क्षणी तो दहा घरांत पोहोचतो. जी सून माहेरी राहिली, जो मौलवी दुसऱ्या गावी गेला, जो तरुण दुसऱ्या समाजातील मित्रांत अधिक दिसतो, त्यांच्याविषयी किती सहज बोलले जाते! अब्रू हीही माणसाची मालमत्ताच आहे आणि ती लुटायला अंधारी रात्रसुद्धा लागत नाही. कयामतच्या दिवशी तिची भरपाई नेकीच्या नाण्यांत द्यावी लागेल.

यावर उपाय अवघड नाही. जो समोर नाही, त्याच्याविषयीचा निकाल तो समोर येईपर्यंत राखून ठेवावा. त्याला विचारावे. विचारता येत नसेल तर गप्प राहावे. आणि शक्य असेल तर त्याच्या बाजूचा एक चांगला अर्थ शोधून ठेवावा. कदाचित तो दिसत नाही कारण तो आपल्यासाठीच कोठेतरी झुंजतो आहे.

पुढच्या वेळी बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत गेलात तर ते दोन्ही लेख मुलांना दाखवा, राजा अली खान आणि त्यांच्या ५०० माणसांसाठी मगफिरतची दुआ करा, आणि मुलांना सांगा की खानदेशचा एक सुलतान रणांगणावर मेला होता तेव्हा लोक त्याला पळपुटा म्हणत होते. अल्लाह आपल्या जिभांना सांभाळो आणि आपली मने एकमेकांविषयी साफ ठेवो. आमीन.